छंद चिलखत घडवण्याचा, शोध हरवलेल्या विद्येचा

जुनी नाणी, टपाल तिकिटे, काड्यापेट्यांवरील चित्रे जमवणारे छंदिष्ट आपल्या परिचयाचे असतात. या मंडळींचा आनंद जुनी वस्तू मिळवण्यात आणि ती जपण्यात असतो. युरोप-अमेरिकेत मात्र गेल्या सहा दशकांत याहून निराळा एक छंद रुजला आहे. मध्ययुगीन चिलखत, ढाल, तलवार, जोडे, कापड, मातीची भांडी अशा वस्तू जमवायच्या नाहीत, तर त्या काळच्या पद्धतीने पुन्हा घडवायच्या, असे या छंदाचे स्वरूप आहे. दिवसभर कार्यालयात अथवा कारखान्यात राबणारी माणसे सुटीच्या दिवशी ऐरणीपुढे उभी राहतात आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने केले तेच काम आपल्या हातांनी करू पाहतात.

या छंदाला संघटित रूप मिळाले ते अमेरिकेत. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १ मे १९६६ रोजी काही तरुणांनी घराच्या परसात मध्ययुगीन वेशातील द्वंद्वाचा खेळ मांडला. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम’ ही संस्था उभी राहिली. तिचे सभासद अंगावर खरे चिलखत घालतात, मात्र लढतात ते वेताच्या जाड काठ्यांनी. बाहेरून पाहणाऱ्याला हा सारा प्रकार मोठ्या माणसांनी मांडलेला भातुकलीचा डाव वाटेल. पण या डावातून इतिहासाविषयीचे काही जुने गैरसमज दूर झाले आणि लुप्त झालेल्या एका विद्येचा उलगडाही झाला. म्हणूनच त्याकडे गंभीरपणे पाहायला हवे.

वीस हजार कड्यांचे विणकाम

या छंदाची सुरुवात बहुतेक जण लोखंडी कड्यांच्या चिलखतापासून करतात. त्यासाठी भट्टी अथवा मोठी हत्यारे लागत नाहीत. तार, सळई, पक्कड आणि भरपूर चिकाटी एवढे भांडवल पुरते. लोखंडी तार सळईभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळायची, एका बाजूने कापून तिच्या कड्या सुट्या करायच्या आणि प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या येतील अशा रीतीने त्या एकमेकींत ओवत जायच्या. युरोपातील मध्ययुगीन चिलखतांची सर्वाधिक आढळणारी वीण ती हीच.

पण खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. कडीची दोन टोके नुसती एकमेकांना भिडवली, तर चिलखत दिसायला उत्तम होते. मात्र भाल्याच्या नेमक्या टोचणीने अथवा बाणाने कडी उघडते. संग्रहालयांतील मध्ययुगीन युरोपीय चिलखतांच्या कड्या निरखल्या, तर टोके चपटी करून एकमेकांवर चढवलेली आणि त्यांतून बारीक रिव्हेट ठोकलेली दिसते. म्हणजे प्रत्येक कडी नरम करायची, चपटी करायची, तिला भोक पाडायचे, ती विणीत अडकवायची आणि मग रिव्हेटने बंद करायची. एका अंगरख्याला साधारण वीस ते तीस हजार कड्या लागतात. एका कडीला सरासरी एकच मिनिट धरले, तरी वीस हजार कड्यांना ३३३ तास होतात. रोज दोन तास काम करणाऱ्याचे साडेपाच महिने केवळ कड्या जोडण्यात जातात.

मध्ययुगात चिलखत एवढे महाग का होते, ते पिढ्यान्‌पिढ्या का वापरले जाई आणि लढाईनंतर मृतांच्या अंगावरून ते का उतरवून घेत, याचे उत्तर या हिशेबात मिळते. स्वीडनमधील गॉटलंड बेटावर विस्बी शहराबाहेर १३६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या फौजेने स्थानिक शेतकऱ्यांची कत्तल केली. तेथील सामूहिक कबरींत अनेक मृतदेह चिलखतासह पुरलेले आढळले. असे क्वचितच घडते. बेंग्ट थोर्डेमान यांनी १९३९-४० मध्ये या उत्खननाचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणता पत्रा कोठे होता आणि कोणते रिव्हेट कोठे ठोकले होते, याच्या त्यातील नोंदींवरून आजही अनेक छंदिष्ट कापडाच्या अथवा चामड्याच्या आत पोलादी पत्रे बसवलेली चिलखते तयार करतात.

घडवलेले चिलखत अंगावर चढवले की आणखी काही गोष्टी कळतात. कड्यांचा अंगरखा कापडासारखा अंगाबरोबर वळतो. दहा किलोंच्या आसपासचा हा भार प्रथम सारा खांद्यांवर येतो. कमरेला पट्टा आवळला की त्यातला बराचसा कमरेवर उतरतो. आणि आत गोधडीसारखा शिवलेला जाड कापडी अंगरखा नसेल, तर तलवारीचा घाव कडी तोडणार नाही, पण हाड मोडेल. लोहाराइतकाच शिंपीही योद्ध्याचे प्राण वाचवत असे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ मध्ये अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी वस्त्राखाली चिलखत घातल्याचा प्रसंग मराठी वाचकाला लहानपणापासून पाठ असतो. अंगाबरोबर वळणारे चिलखत वस्त्राखाली कसे दडवता येते, हे असा अंगरखा हाताळल्यावर चटकन उमजते.

वजनाच्या दंतकथा

जुन्या शस्त्रांविषयी सर्वाधिक अतिशयोक्ती होते ती वजनाची. युरोपातही ती होत असे. चिलखत घातलेल्या सरदाराला घोड्यावर बसवण्यासाठी यारी लागे, ही समजूत १९४४ च्या ‘हेन्री द फिफ्थ’ या इंग्रजी चित्रपटाने घरोघरी पोहोचवली. प्रत्यक्षात लढाईच्या पोलादी चिलखताचे वजन बहुधा २० ते ३० किलोंच्या घरात असे आणि ते साऱ्या शरीरावर विभागलेले असे. मापाचे नीट बनवलेले चिलखत घालून माणूस धावू शकतो, पडून उठू शकतो आणि स्वतःच घोड्यावर चढू शकतो, हे ते घडवणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी पुनःपुन्हा दाखवून दिले आहे.

मात्र सत्याला दुसरीही बाजू आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय प्रयोगात लीड्स येथील ‘रॉयल आर्मरीज’ या संग्रहालयात लढतींची प्रात्यक्षिके करणाऱ्या जाणकारांना पंधराव्या शतकातील चिलखतांच्या प्रतिकृती घालून धावपट्टीच्या यंत्रावर चालवण्यात आले. चालताना आणि धावताना त्यांना सुमारे दुप्पट शक्ती खर्चावी लागली. भार पायांवरही असल्याने प्रत्येक पाऊल महाग पडत होते आणि छातीवरील पत्र्यामुळे श्वास उथळ होत होता. १४१५ च्या अझिंकूरच्या लढाईत चिखलातून चालत आलेले चिलखतधारी फ्रेंच सरदार शत्रूपर्यंत पोहोचेतो का थकले असतील, याचा अंदाज त्यावरून येतो. चिलखत माणसाला जखडत नव्हते, पण दमवत होते. प्रतिकृती अस्सल मापाची आणि वजनाची होती, म्हणूनच हा भेद कळू शकला.

तलवारीचेही तसेच. एका हाताने चालवायची मध्ययुगीन युरोपीय तलवार साधारणतः एक ते दीड किलोची असते. युवर्ट ओकशॉट यांनी अशा तलवारींचे आयुष्यभर निरीक्षण करून त्यांचे केलेले वर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. तलवार घडवू पाहणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो वजनाचा नव्हे, तोलाचा. पाते टोकाकडे पातळ होत गेले नाही, तर तेवढ्याच वजनाची तलवार हातात जड आणि आळशी वाटते.

आपल्याकडेही व्याख्यानांतून आणि कौतुकाच्या गप्पांतून ऐतिहासिक तलवारींची वजने वीस-वीस, तीस-तीस किलोंपर्यंत नेली जातात. बोलणाऱ्याच्या मनात आदरच असतो. पण तासन्‌तास चालणाऱ्या लढाईत मनगट फिरवत राहणाऱ्या योद्ध्याच्या कौशल्याचा त्यात अवमान होतो, हे ध्यानात येत नाही. वजन वाढवल्याने पराक्रम वाढत नाही.

दख्खनचे पोलाद, फ्लोरिडाचा नालबंद

या छंदाची भारताशी जोडलेली सर्वांत लक्षणीय कथा पोलादाची आहे. दक्षिण भारतात आणि दख्खनच्या पठारावर शतकानुशतके मातीच्या मुशीत लोखंड वितळवून उत्तम पोलाद केले जाई. ‘वुट्झ’ या नावाने ते जगभर गेले. हा शब्द कन्नड-तेलुगूतील ‘उक्कु’ या शब्दाचा अपभ्रंश मानला जातो. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम हे या पोलादाचे एक प्रसिद्ध केंद्र होते. या पोलादापासून घडवलेल्या पात्यांवर वाहत्या पाण्यासारखी नक्षी दिसे. पश्चिमेत ही पाती ‘दमास्कस’ म्हणून ओळखली गेली. एकोणिसाव्या शतकात ही विद्या संपली. नंतरच्या शास्त्रज्ञांनी पोलादाचे पृथक्करण केले, तरी तशी नक्षी हुकमी उमटवणे साधेना.

हे कोडे सोडवण्यात मोठा वाटा होता तो अमेरिकेतील फ्लोरिडातल्या आल्फ्रेड पेंड्रे या गृहस्थाचा. घोड्यांना नाल ठोकणे हा त्यांचा व्यवसाय आणि पाती घडवणे हा ध्यास. आयोवा राज्य विद्यापीठातील धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होवेन यांच्या जोडीने त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. पेंड्रे पाते घडवीत, व्हर्होवेन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संग्रहालयातून मिळालेल्या अस्सल जुन्या पात्यांच्या तुकड्यांशी त्याची तुलना होई.

१९९८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा : सुमारे दीड टक्का कार्बन असलेल्या या पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी अल्प अंश असला आणि पोलाद ठराविक तापमानाला पुनःपुन्हा तापवून ठोकले, तर कार्बनयुक्त कठीण कण पट्ट्यापट्ट्यांनी जमतात आणि नक्षी उमटते. हा अंश खनिजातूनच येत असे. तो असलेले खनिज मिळेनासे झाल्यावर कृती तीच राहूनही नक्षी उमटेनाशी झाली आणि दोन-तीन पिढ्यांत विद्या विस्मरणात गेली असावी, असे व्हर्होवेन यांचे अनुमान आहे. ते पूर्णतः मान्य होवो अथवा न होवो, एक गोष्ट निर्विवाद आहे. प्रयोगशाळेला घणाची जोड मिळाली नसती, तर हा उलगडा एवढा पुढे गेला नसता. पेंड्रे यांचे २०१७ मध्ये निधन झाले. ज्या भूमीत हे पोलाद जन्मले, तेथील कारागिराच्या घरात ही विद्या उरली नव्हती. ती सातासमुद्रापलीकडच्या एका नालबंदाच्या भट्टीत पुन्हा उजळली.

कुऱ्हाडीने तासलेल्या तुळया

जुनी कारागिरी पुन्हा शिकण्याचा उपयोग केवळ ज्ञानापुरता नसतो, हे फ्रान्सने अनुभवले. बर्गंडी प्रांतातील गेदलों येथे १९९७ पासून तेराव्या शतकातील पद्धतीने एक किल्ला बांधला जात आहे. दगड जवळच्या खाणीतला, लाकूड भोवतालच्या जंगलातले आणि ओझे उचलायला माणसाने चालवायचे लाकडी चक्र. कायम कारागिरांबरोबर हौशी स्वयंसेवकही तेथे काही दिवस राबून जातात. आधुनिक यंत्रे उपलब्ध असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सुरुवातीला विचारला जाई.

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे मध्ययुगीन लाकडी छत आगीत जळून गेले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ते छत मूळ पद्धतीने उभारायचे ठरले. त्यासाठी ओक वृक्षाचे ओले खोड कुऱ्हाडीने तासून तुळई करणारे हात हवे होते. गेदलों येथे तयार झालेले सुतार त्या कामावर होते. डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र दाम पुन्हा खुले झाले.

नक्कल आणि सोंग

अर्थात, या छंदातील प्रत्येक वस्तू अशी मोलाची असते असे नाही. बाजारात शोभेच्या तलवारी आणि चिलखते ढिगाने मिळतात. ती भिंतीवर टांगायला ठीक, पण त्यांवरून इतिहासाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे. चित्रपटातील पोशाख पाहून केलेली नक्कल चित्रपटाबद्दल सांगते, इतिहासाबद्दल नाही. जाणते छंदिष्ट यासाठी एक साधी शिस्त पाळतात : आपण कोणत्या अस्सल वस्तूवरून काम केले, कोठे आधुनिक साहित्य वापरले आणि कोणती गोष्ट केवळ तर्काने केली, याची नोंद ठेवायची.

महाराष्ट्राची स्थिती या बाबतीत युरोपहून काहीशी भाग्याची आहे. युरोपात तलवारबाजीची जुनी परंपरा तुटली. तेथील हौशी मंडळींना हस्तलिखितांतील चित्रांवरून ती जुळवावी लागते. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ आजही चालतो आणि दांडपट्टा वस्तादाच्या हातून शिष्याच्या हाती येतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी शस्त्रे पाहायला मिळतात. खेळणारा वस्ताद, शस्त्र जाणणारा अभ्यासक आणि घडवणारा लोहार या तिघांनी एकत्र बसून मापे, वजने आणि कृती लिहून ठेवल्या, तर पुढच्या पिढीला दंतकथांवर विसंबावे लागणार नाही.

सुरुवात करताना

ज्यांना हा छंद करून पाहायचा आहे, त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली कायद्याची. तलवार, भाला, खंजीर ही शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येणारी शस्त्रे आहेत. ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरेही, ते घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय अथवा औद्योगिक कामासाठी नसतील तर, याच वर्गात मोडतात. त्यामुळे पाते घडवण्यापूर्वी पोलीस ठाण्यात चौकशी केलेली बरी. कड्यांचे विणकाम अथवा कापडी अंगरखा शिवणे यांपासून प्रारंभ करणे सर्वांत सोयीचे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते ती तार बहुधा जस्ताचा मुलामा दिलेली असते. ती तापवली तर निघणाऱ्या धुराने ताप, थंडी आणि मळमळ होऊ शकते. म्हणून मुलाम्याची तार कधीही भट्टीत घालू नये. तार कापताना आणि ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

आणि पहिल्याच दिवशी पूर्ण चिलखताचे स्वप्न पाहू नये. तळहाताएवढा तुकडा विणायलाही काही संध्याकाळी जातात. तेवढा तुकडा हातात घेऊन पुन्हा संग्रहालयात गेले, तर काचेपलीकडच्या चिलखतात पूर्वी न दिसलेली एक गोष्ट दिसू लागते. तेथे कोणा राजाचे अथवा सरदाराचे नाव लिहिलेले असते. पण त्यातील प्रत्येक कडी ज्याने बंद केली, त्या अनाम कारागिराचे कष्ट आता मोजता येतात.