दाबातील बदल टिपणारी लवचिक पट्टी

भिलाई : येथील पोलाद कारखान्यात 12 जून 2014 रोजी पंपगृहातील बिघाडामुळे पाण्याचा दाब घटला, कार्बन मोनॉक्साइड वायूची गळती झाली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. या वायूला रंग वा गंध नसल्याने मनुष्याला त्याची चाहूल लागत नाही. अशा ठिकाणी दाबातील बदल तत्काळ कळणे महत्त्वाचे ठरते. लवचिक सर्किट बोर्डवरील दाबविद्युत संवेदक हे त्याचे एक साधन आहे.

काही पदार्थांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो. पिएर व जाक क्युरी या बंधूंनी 1880 मध्ये हा परिणाम दाखवून दिला. स्वयंपाकघरातील गॅस लायटरची ठिणगी याच तत्त्वावर पडते. क्वार्ट्झ आणि सिरॅमिक हे पदार्थ कठीण व ठिसूळ असतात. मात्र 1969 मध्ये जपानचे हेइजी कावाई यांनी पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड या प्लॅस्टिकमध्येही हा गुण आढळतो, हे सिद्ध केले आणि वाकणाऱ्या संवेदकांचा मार्ग मोकळा झाला.

अशा संवेदकात या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा पॉलिइमाइडच्या लवचिक पट्टीवर बसवितात. पट्टीवरील तांब्याच्या रेषा विद्युतभार वर्धकाकडे नेतात. ही पट्टी नळाभोवती घट्ट गुंडाळता येते. आतील दाब बदलला की नळाची भिंत किंचित फुगते वा आकसते आणि तो ताण पापुद्र्यापर्यंत पोहोचतो. त्यासाठी नळाला छिद्र पाडावे लागत नाही.

या संवेदकाला मर्यादाही आहेत. निर्माण झालेला विद्युतभार हळूहळू ओसरतो. त्यामुळे दाबातील बदल कळतो, स्थिर दाब मोजता येत नाही. दाब एकाएकी कोसळल्यास इशारा मिळेल, पण तो अगदी संथपणे घटल्यास निसटू शकेल. म्हणून सोबत नेहमीचा दाबमापक आवश्यकच असतो. जाड पोलादी नळाची भिंत अत्यल्प हलते आणि पंपाची कंपनेही संकेतात मिसळतात. ती गाळून वेगळी करावी लागतात. शिवाय सुमारे 80 अंश सेल्सिअसपलीकडे या प्लॅस्टिकचा गुण क्षीण होऊ लागतो. भट्टीलगत ही पट्टी टिकणार नाही. थंड पाण्याच्या वाहिन्या हीच तिची योग्य जागा होय.

संवेदकाचे काम इशारा देण्यापुरतेच असते. त्यापाठोपाठ वायूची झडप बंद करणारी आणि कामगारांना बाहेर काढणारी व्यवस्था सज्ज असली, तरच त्या इशाऱ्याने जीव वाचू शकतात.