म्हैसूरची शिदोरी अंतराळात

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर शिदोरी बांधून देण्याची आपली रीत जुनी आहे. प्रवास अंतराळाचा असेल, तर ही शिदोरी बांधणे हे शास्त्रच होऊन बसते. भारतात या शास्त्राचे माहेरघर म्हणजे म्हैसूर. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था (सीएफटीआरआय) येथे १९५० पासून कार्यरत आहे. संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा (डीएफआरएल) या नावाने ओळखली गेलेली डीआरडीओची प्रयोगशाळा १९६१ मध्ये येथेच स्थापन झाली. जवानांसाठी टिकाऊ अन्न तयार करणे हे तिचे मूळ कार्य. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा ‘सल्यूत-७’ या सोव्हिएत स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्यासाठीचे भारतीय पदार्थ याच प्रयोगशाळेने तयार केले होते. गगनयान मोहिमेसाठी इडली, भाज्यांचा पुलाव, मूगडाळीचा हलवा आदी पदार्थही येथे विकसित करण्यात आले.

स्थानकावरील दिनक्रम

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरते. पृथ्वीप्रदक्षिणेस त्याला सुमारे ९० मिनिटे लागतात. म्हणजे चोवीस तासांत जवळपास १६ सूर्योदय होतात. त्यामुळे झोप, जेवण व काम यांचे वेळापत्रक घड्याळावर चालते. वजनरहित अवस्थेत स्नायू व हाडे झिजत असल्याने दररोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. पाण्याचा थेंबही वाया जात नाही. घाम, उच्छ्वासातील बाष्प व मूत्र शुद्ध करून ते पाणी पुन्हा पिण्यासाठी वापरले जाते.

स्थानकावर चूल पेटत नाही. अन्न साठवण्यासाठी मोठी शीतगृहेही नाहीत. म्हणून बहुतेक अन्न सामान्य तापमानाला टिकणारे असावे लागते. पदार्थाचा चुरा होऊन चालत नाही, कारण तरंगणारे कण डोळ्यांत, नाकात किंवा यंत्रांत शिरतात. याच कारणाने पावाऐवजी पोळीसारखा पदार्थ वापरतात, तर मीठ व मिरपूड द्रवरूपात देतात. शरीरातील द्रव डोक्याकडे सरकल्यामुळे नाक चोंदते आणि चव मंदावल्याचे अनेक अंतराळवीर सांगतात. साहजिकच मसालेदार पदार्थांना मागणी असते.

अन्न टिकते कसे?

यासाठी मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात. पहिली रिटॉर्ट प्रक्रिया. शिजवलेला पदार्थ बहुस्तरीय पाकिटात हवाबंद करून दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान दिले जाते. त्यामुळे उकळत्या पाण्यातही तग धरणारे जिवाणूंचे बीजाणू नष्ट होतात. दुसरी पद्धत गोठवून वाळवण्याची. यात पदार्थ आधी गोठवतात; नंतर निर्वातात बर्फाचे थेट बाष्प होऊन ओलावा निघून जातो. आकार, रंग व सुगंध बऱ्याच अंशी टिकतो, वजन घटते आणि खाताना गरम पाणी सोडले की पदार्थ पूर्ववत होतो.

जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला अ‍ॅक्सिऑम-४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय स्थानकावर पोहोचले. तेथे जाणारे ते पहिले भारतीय. गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा व आमरस त्यांनी सोबत नेला होता आणि तो सहकाऱ्यांनाही खाऊ घातला.

मेथी, मूग आणि चवळी

शिदोरी कितीही उत्तम बांधली तरी कधीतरी संपतेच. दीर्घ मोहिमांसाठी अन्न तेथेच पिकवावे लागेल, या विचाराने वनस्पतींवरील प्रयोगांना महत्त्व आले आहे. शुक्ला यांनी स्थानकावर मेथी व मुगाचे बी रुजवले. अंकुर शीतपेटीत ठेवून परत आणण्याची योजना होती. धारवाड येथील कृषी विज्ञान विद्यापीठ व आयआयटी यांच्या या प्रयोगात अंकुरण, जनुकीय बदल व पोषणमूल्य यांचा अभ्यास अभिप्रेत आहे. केरळमधील संशोधकांच्या प्रयोगासाठी भात, चवळी, तीळ, वांगे व टोमॅटो यांचे बियाणेही अंतराळात नेण्यात आले. त्याआधी, ३० डिसेंबर २०२४ रोजी प्रक्षेपित झालेल्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत इस्रोने चवळीचे बी चार दिवसांत अंकुरित करून दाखवले होते.

अंतराळात रोप वाढवताना दोन मूलभूत अडचणी येतात. जमिनीत मुळे गुरुत्वाकर्षणाचा वेध घेत खाली जातात. मुळाच्या टोकाकडील पेशींतील जड स्टार्चकण तळाशी बसतात, त्यावरून त्यांना दिशा कळते. अंतराळात हा संकेत मिळत नाही, म्हणून प्रकाशाच्या साहाय्याने रोपाला वळण द्यावे लागते. दुसरी अडचण पाण्याची. निचरा होत नसल्याने पाण्याचा थर मुळांना चिकटून राहतो आणि प्राणवायू अडतो. पाणथळ शेतातील पिकाचे दुखणे हेच असते. गरम हवाही आपोआप वर सरकत नाही, म्हणून पंख्याने हवा सतत खेळती ठेवावी लागते.

शेतकऱ्यांना याचा उपयोग काय?

अंतराळवीर मोजके, पण काढणीनंतर नासणारा माल अमाप. या संशोधनाचे खरे मोल त्यामुळे जमिनीवरच आहे. अन्नप्रक्रियेतील धोक्यांचे टप्पे आधीच ओळखून नियंत्रणात ठेवणारी एचएसीसीपी पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकी अंतराळ मोहिमांच्या अन्नासाठी विकसित झाली. आज आमरस, फळांचा गर किंवा प्रक्रियायुक्त भाजीपाला निर्यात करणाऱ्या उद्योगांना तिचे पालन करावे लागते. रिटॉर्ट पाकिटांमुळे शिजवलेला पदार्थ शीतसाखळीशिवाय दूरच्या बाजारात पाठवता येतो.

शेतकरी उत्पादक कंपन्या व महिला बचत गटांनी मात्र एक बाब ध्यानात ठेवावी. केवळ हवाबंद पाकीट म्हणजे सुरक्षित अन्न नव्हे. कमी आम्लाच्या पदार्थांत हवेविना वाढणारे जिवाणू विष निर्माण करू शकतात; म्हणून तापमान व वेळ प्रत्येक पदार्थासाठी शास्त्रीय चाचणीने निश्चित करून घेणे अनिवार्य आहे. स्वच्छ कच्चा माल, तपासलेले पाणी आणि प्रत्येक घाण्याची नोंद ही शिस्त अंतराळातील शिदोरीला जितकी आवश्यक, तितकीच गावातील प्रक्रिया केंद्रालाही.