तरुण ताऱ्याभोवतीचा ग्रह ओळखायचा कसा?

ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. यालाच अधिक्रमण म्हणतात. शांत ताऱ्याच्या बाबतीत ही घट सहज ओळखू येते. पण तारा तरुण असेल तर त्यावरचे मोठे डाग आणि वारंवार उसळणाऱ्या ज्वाळा यांमुळे त्याचा प्रकाश मुळातच स्थिर नसतो.

एयू मायक्रोस्कोपी हे याचे चांगले उदाहरण. सुमारे ३२ प्रकाशवर्षे दूर असलेल्या या लाल बटू ताऱ्याचे वय जेमतेम २ कोटी वर्षे आहे. त्याच्या डागांमुळे प्रकाशात काही टक्क्यांचा चढउतार होतो, त्याच्याभोवतीच्या एका ग्रहामुळे होणारी घट मात्र पाव टक्क्याच्या आसपास. फरक वेगाचा आहे. तारा स्वतःभोवती ४.८६ दिवसांत फिरतो, म्हणून डागांचा चढउतार संथ असतो, तर अधिक्रमण काही तासांत संपते. संथ बदल गणिताने वजा केले की घट उरते.

‘टेस’ दुर्बिणीला २०१८ मध्ये या ग्रहाची दोन अधिक्रमणे दिसली, पण मधल्या निरीक्षणांत खंड होता. परिभ्रमणकाळ ८.४६ दिवसांचा की त्याच्या दुप्पट? स्पिट्झर दुर्बिणीच्या अवरक्त निरीक्षणांनी पहिला आकडा पक्का केला. अवरक्त प्रकाशात डाग आणि भोवतालचा पृष्ठभाग यांतला फरक कमी जाणवतो, हाही फायदा. २०२० मध्ये नेपच्यूनएवढ्या या ग्रहाची घोषणा झाली.

वस्तुमान मोजणे मात्र अजून अवघड आहे, कारण ग्रहामुळे ताऱ्याला बसणारे हेलकावे डागांच्या गोंधळात बुडून जातात.