कराड परिसरातील घरबांधणी आणि खिडकीच्या प्रकाराची निवड

घर बांधताना पाया, स्लॅब आणि फरशी यांवर जितकी चर्चा होते तितकी खिडक्यांवर होत नाही. नकाशात खिडकीची जागा ठरते. तिचा प्रकार मात्र बहुधा बांधकामाच्या अखेरीस, हाती उरलेल्या पैशांच्या हिशेबाने आणि शेजारच्या बंगल्याकडे पाहून निश्चित केला जातो. कराड शहर, विद्यानगर आणि मलकापूर या भागांत अलीकडे उभ्या राहिलेल्या घरांत अॅल्युमिनियमची सरकती खिडकी जवळजवळ गृहीतच धरली जाते. ही निवड स्थानिक हवामानाशी कितपत जुळते आणि अन्य प्रकारांनी काय साधते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

देशावरील जुन्या वाड्यांत रस्त्याकडील भिंतीला उघडी जागा कमीच ठेवली जात असे. उजेड आणि वारा यांचा मुख्य मार्ग म्हणजे मधला चौक होय. जाड भिंतीत बसविलेली लहान लाकडी चौकट, तिच्यात उभे लोखंडी गज आणि आतील बाजूस उघडणाऱ्या दोन भरीव झडपा हे त्या खिडकीचे रूप होते. काच दुर्मीळ असल्याने झडप मिटली की वाऱ्याबरोबर उजेडही बंद होई. गोव्यातील जुन्या घरांत या अडचणीवर वेगळा उपाय योजला गेला. तेथे चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदाने लाकडी पट्ट्यांत बसवीत. त्यांतून प्रखर ऊन न येता मवाळ उजेड आत येई. स्वातंत्र्योत्तर काळात शासकीय निवासस्थाने आणि शाळांच्या इमारती यांतून बाहेर उघडणारी लोखंडी खिडकी सर्वत्र पोहोचली. तिची झडप पूर्ण उघडत असे, परंतु गंजलेले सांधे आणि वाळून पडणारी लांबी यांमुळे ती लोकांच्या मनातून उतरली. लाकडी झडप पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, शिवाय सागवान परवडेनासे झाले. या दोन्ही तक्रारींना सरकत्या खिडकीने उत्तर दिले, हे मान्य करावे लागते. ती जागा अडवीत नाही, वाऱ्याने आपटत नाही आणि डासांची जाळी तिच्यात सहज बसते. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात हा शेवटचा लाभ गौण मानता येत नाही.

तथापि सरकत्या खिडकीचा मूलभूत दोष तिच्या रचनेतच आहे. दोन काचांच्या खिडकीत एक काच नेहमी दुसरीच्या मागे उभी राहते. म्हणजे भिंतीत पाडलेल्या जागेपैकी निम्मीच उघडते. केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता विभागाने (बी.ई.ई.) २०१८ साली निवासी इमारतींसाठी तयार केलेल्या 'इको निवास संहिते'त उघडणाऱ्या क्षेत्राचे प्रमाण बिजागरीच्या झडपेसाठी ९० टक्के, दोन काचांच्या सरकत्या खिडकीसाठी ५० टक्के व तीन काचांच्या सरकत्या खिडकीसाठी ६७ टक्के असे धरले आहे. चटईक्षेत्राच्या तुलनेत उघडणारे क्षेत्र उष्ण-कोरड्या हवामानात किमान १० टक्के, संमिश्र व समशीतोष्ण हवामानात १२.५ टक्के आणि उष्ण-दमट हवामानात १६.६६ टक्के असावे, अशी अपेक्षा त्याच संहितेत आहे. ही मोजणी संपूर्ण इमारतीची असते; तरी एका खोलीचे उदाहरण घेतल्यास फरक स्पष्ट होतो. १२ चौ. मी. क्षेत्राच्या खोलीत १.५ मी. रुंद व १.२ मी. उंच अशी एकच खिडकी आहे असे समजू. भिंतीतील जागा १.८ चौ. मी. भरते. बिजागरीच्या झडपा बसविल्यास त्यांपैकी १.६२ चौ. मी. उघडते, म्हणजे चटईक्षेत्राच्या साडेतेरा टक्के. दोन काचांची सरकती खिडकी बसविल्यास ०.९ चौ. मी., म्हणजे केवळ साडेसात टक्के. थंड प्रदेशासाठी सांगितलेली ८.३३ टक्क्यांची मर्यादाही ती गाठत नाही. भिंत तीच, छिद्र तेच, खर्चातही फार अंतर नाही. तरीही एक खोली खेळत्या हवेची होते आणि दुसरीत दिवसभर पंखा लावावा लागतो. आर्किटेक्टच्या नकाशात या दोन खिडक्या एकाच आकाराच्या चौकोनाने दाखविलेल्या असतात, हे विशेष.

दिशेचा प्रश्न कराडपुरता थोडा बारकाईने पाहणे आवश्यक आहे. कराड सुमारे १७° १७′ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, तर मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनी सुमारे ७३ अंशांवर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो माध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेस जातो. १.२ मी. उंचीच्या दक्षिण खिडकीवर ४५ सें. मी. रुंदीचा छज्जा असल्यास मार्चअखेरीचे मध्यान्हीचे ऊन काचेवर पडत नाही आणि डिसेंबरचे ऊन मात्र निम्म्याहून अधिक काचेतून आत येते. म्हणजे दक्षिणेची खिडकी साध्या छज्ज्याने सांभाळता येते. वास्तुशास्त्राच्या भयाने ती बुजवून टाकण्याची जी प्रथा बोकाळली आहे, तिला हवामानाचा आधार नाही.

खरी कसोटी पश्चिमेची आहे. उन्हाळ्यातील दुपारनंतरचे ऊन पश्चिमेचे, नैर्ऋत्य मोसमी पावसाची झड पश्चिमेची, आणि तापलेल्या दिवसानंतर सुखावणारा वाराही बहुतांशी पश्चिमेकडून घाटांवरून येणारा. ऊन व पाऊस नको म्हणून पश्चिमेची भिंत बंद ठेवावी तर वारा गमवावा लागतो. छज्जा येथे फारसा उपयोगी पडत नाही. सूर्य ३० अंशांवर उतरला असता ६० सें. मी. रुंदीचा छज्जाही खिडकीच्या वरच्या सुमारे ३५ सें. मी. भागावरच सावली धरतो. उरलेली काच उघड्यावर राहते. साध्या पारदर्शक काचेतून उन्हातील उष्णतेचा सुमारे चार-पंचमांश भाग आत येतो आणि पडदा आतून लावला तर तोपर्यंत उष्णता खोलीत शिरलेली असते. सावली काचेच्या बाहेर असणे महत्त्वाचे ठरते ते यामुळेच.

अशा ठिकाणी तिरप्या पट्ट्यांची, म्हणजे झिलमिलीची झडप अधिक योग्य दिसते. तिच्या पट्ट्या ऊन अडवितात, पावसाची झड बऱ्याच अंशी बाहेर टाकतात आणि वारा मात्र आत येऊ देतात. पट्ट्या हलत्या असतील तर अधिक उत्तम. काचेची झडप आत आणि झिलमिलीची बाहेर अशी दुहेरी योजना खर्चिक आहे, यात शंका नाही. पण ती घरातील सर्वच खिडक्यांना करण्याचे कारण नाही. पश्चिमेच्या एक-दोन खिडक्यांपुरतीच ती मर्यादित ठेवता येते. लॉरी बेकर यांनी केरळात विटांच्या जाळीदार भिंतीतून हेच कार्य कमी खर्चात साधले होते. जिना, स्वयंपाकघराची मागील बाजू किंवा धुण्याची जागा येथे कराडच्या घरांतही ती जाळी चालू शकेल. शयनगृहात मात्र डास आणि धूळ यांमुळे ती गैरसोयीची ठरेल.

पश्चिमेस सरकती खिडकीच बसवायची असेल तर तिच्या खालच्या रुळाकडे लक्ष द्यावे लागते. झडीचे पाणी या रुळात साचते आणि ते बाहेर जावे म्हणून चौकटीला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. यशवंतनगरचा सह्याद्री आणि रेठरे बुद्रुकचा कृष्णा हे साखर कारखाने ज्या पट्ट्यात आहेत, तेथे शेतात पाचट पेटविल्यावर उडणारी काजळी घराघरांत येते. धूळ आणि काजळी यांनी ही छिद्रे बुजतात व जूनमधील पहिल्याच जोरदार पावसात पाणी खोलीत उतरते. पावसाळ्यापूर्वी रूळ साफ करणे आणि खिडकीखालच्या दगडी कट्ट्याला बाहेरच्या बाजूस उतार देणे, एवढ्या दोन गोष्टींनी पुष्कळसा त्रास टळतो. चौकटीच्या द्रव्याबद्दल थोडक्यात एवढेच, की अॅल्युमिनियम लाकडाच्या तुलनेत हजारपटींहून अधिक उष्णतावाहक आहे, यू.पी.व्ही.सी. या बाबतीत लाकडाच्या जवळ जाते. हमरस्त्यालगतच्या घरांत आवाज अडविण्यासाठीही रबरी पट्टीवर दाबून बसणारी बिजागरीची झडप सरकत्या काचेपेक्षा सरस ठरते.

या परिसरात खिडकीचा विचार केवळ हवा-उजेडापुरता थांबत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे झालेल्या भूकंपाने पाटण तालुक्यात मोठी प्राणहानी झाली आणि घरे कोसळली. भिंत हादरते तेव्हा दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा फुटतात, कारण भिंतीचा सर्वात दुर्बळ भाग तोच असतो. भारतीय मानक ४३२६ (१९९३) मध्ये भूकंपाच्या दृष्टीने कडक वर्गातील विटा-दगडांच्या इमारतींसाठी उघड्या जागांची एकूण रुंदी एकमजली घरात भिंतीच्या लांबीच्या ५० टक्के, दुमजली घरात ४२ टक्के आणि तीन मजली घरात ३३ टक्के यांहून अधिक असू नये, असे सांगितले आहे. दोन खिडक्यांमध्ये किमान ५६ सें. मी. आणि आतील कोपऱ्यापासून किमान ४५ सें. मी. भरीव भिंत राहावी, अशीही अट आहे. दुमजली घराच्या ४ मी. लांबीच्या भिंतीत ही मर्यादा १.६८ मी. येते. सरकत्या खिडकीतून पुरेशी हवा मिळावी म्हणून ती १.८ मी. रुंद केली की ही मर्यादा ओलांडली जाते. बिजागरीच्या झडपेला एवढी रुंदी लागतच नाही. सध्या आवडीने केली जाणारी कोपऱ्यातील काचेची खिडकी तर, आर. सी. सी. सांगाडा नसलेल्या घरात, नेमक्या नको त्या ठिकाणी भिंत तोडते. शहरातील नव्या घरांना सांगाडा असतो. आसपासच्या गावांत आजही भिंतीवर भार घेणारी घरे बांधली जातात आणि तेथे शहरी नमुन्यांचे अनुकरण धोक्याचे आहे.

बिजागरीच्या झडपेविरुद्धचा सर्वात व्यावहारिक आक्षेप गजांचा आणि जाळीचा आहे. झडप बाहेर उघडते, ग्रिल आत असते. त्यामुळे कडी काढण्यासाठी हात गजांतून घालावा लागतो आणि डासांची जाळी बसविण्यास जागा उरत नाही. जुन्या वाड्यातील रचना येथे उपयोगी पडते. गज चौकटीत बाहेरच्या बाजूस आणि झडप आत उघडणारी ठेवल्यास, गजांना लागून आतून काढता-घालता येणारी जाळी बसविता येते. मात्र झडपेसमोर पलंग वा मेज ठेवता येत नाही, म्हणून खोलीची मांडणी आधी ठरवावी लागते. सरकत्या खिडकीबाहेर बसविला जाणारा लोखंडी पिंजरा कुंड्या ठेवण्यास सोयीचा असला, तरी आग लागल्यास तोच घरातील माणसांना आत कोंडून ठेवतो. प्रत्येक मजल्यावर निदान एका खिडकीचे ग्रिल बिजागरीवर उघडणारे करून त्याचे कुलूप आतून लावावे आणि किल्ली त्याच खिडकीजवळ, बाहेरून हात न पोहोचेल अशा जागी ठेवावी. मोठ्या शहरांत गॅलरीच्या पिंजऱ्यातून माणसे सोडविण्यासाठी अग्निशमन दलाला गज कापावे लागतात. कराडमध्येही आता बहुमजली इमारती उभ्या राहत असल्याने ही तरतूद ग्रिल बनविण्यास देतानाच करून घेणे सोपे जाते. नंतर वेल्डिंग तोडून ती करावी लागते.