समुद्रापासून दूर समुद्रजल : जालना जिल्ह्यातील घरगुती मत्स्यालयाचा एक विचार

सागरी मासे घरच्या काचपेटीत पाळण्याची हौस आता किनारपट्टीपुरती मर्यादित राहिलेली नाही. सागरी लवणांचे तयार मिश्रण पिशवीत मिळते, मासे प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून दूरवर पाठविले जातात, आणि त्यामुळे मुंबईपासून सुमारे ४०० किलोमीटर अंतरावरील जालन्यासारख्या शहरातही असे मत्स्यालय मांडणे शक्य झाले आहे. परंतु मांडणे निराळे आणि टिकविणे निराळे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभे राहिले ते समुद्राच्या अगदी काठावर. दख्खनच्या पठारावर, काळ्या पाषाणातून झिरपलेले विहिरीचे पाणी व कोरडा उन्हाळा यांच्या सान्निध्यात तेच काम करू पाहणाऱ्यास निराळ्या अडचणींशी सामना करावा लागतो. त्या अडचणींचे मूळ कोठे आहे व त्यांवर उपाय कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कृत्रिम समुद्रजल

समुद्राचे पाणी घरी तयार करता येते, ही कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली मासे, गोगलगाई व पाणवनस्पती एकत्र ठेवून समतोल मत्स्यपात्राचे तत्त्व मांडले. फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाने १८५४ मध्ये लवणे मिसळून समुद्रजल बनविण्याची कृती प्रसिद्ध केली. या कृतीस शास्त्रीय आधार भक्कमपणे मिळाला तो पुढे. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगातील महासागरांतून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार याने केले व १८८४ साली निष्कर्ष मांडला की, खुल्या समुद्राची क्षारता थोडीफार कमीअधिक असली तरी त्यातील मुख्य लवणांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ स्थिर असते.

एक किलोग्रॅम समुद्रजलात साधारणतः ३५ ग्रॅम लवणे असतात. त्यांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के व सोडियम सुमारे ३० टक्के असून उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचा समावेश होतो. स्वयंपाकघरातील मिठात हा उरलेला भाग नसतो. म्हणून मीठ घातलेले पाणी खारे होते, पण समुद्रजल होत नाही. यासाठी तयार सागरी लवणच वापरले पाहिजे. ते पाण्यात थोडेथोडे सोडून, पंपाने दिवसभर ढवळून, मगच उपयोगात आणावे. लवणाच्या ढिगावर पाणी ओतल्यास कॅल्शियमचा काही अंश कार्बोनेटच्या रूपाने खाली बसतो व मिश्रणाचे प्रमाण बिघडते. क्षारता अपवर्तनमापकाने किंवा तरकाट्याने मोजावी. २५ अंश सेल्सियस तापमानास विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ इतके असावे.

काचपेटी समुद्र नव्हे, सरोवर होय

येथवर वाचकास वाटेल की, एकदा योग्य प्रमाणात समुद्रजल तयार झाले म्हणजे काम संपले. वस्तुतः खरे काम तेथून सुरू होते. काचपेटीला आपण हौसेने समुद्र म्हणत असलो तरी तिचे वर्तन समुद्रासारखे नसून निर्गमहीन सरोवरासारखे असते. अशा सरोवराचे विख्यात उदाहरण जालन्याच्या पूर्वेस, बुलढाणा जिल्ह्यात, लोणार येथे आहे. उल्काघाताने झालेल्या त्या विवरात झऱ्यांचे व पावसाचे पाणी येते. बाहेर वाहून जाण्यास मात्र प्रवाह नाही. पाण्याची वाफ होऊन जाते आणि त्याबरोबर आलेली लवणे मागे राहतात. त्यामुळे ते पाणी खारे तर झालेच, शिवाय सोडियम कार्बोनेटाच्या संचयामुळे त्याचा सामू दीर्घकाळच्या निरीक्षणांत १० च्या आसपास आढळला आहे. समुद्राचा सामू ८.१ च्या जवळपास असतो. म्हणजे लोणारचे पाणी खारे असूनही समुद्रजल नव्हे.

काचपेटीतही हेच घडते. फक्त काळाचे माप बदलते. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी. आपण वरून जे पाणी घालतो त्यात जे काही विरघळलेले असेल ते पेटीतच साचत जाते. जालन्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, तापमान ४० अंशांच्या पुढे व हवा अत्यंत कोरडी असता, हा व्यापार वेगाने चालतो.

एक उदाहरण गणिताने पाहू. पेटीत २०० लिटर पाणी आहे व रोज ३ लिटर उडून जाते असे धरू. आठवडाभर काहीच भर घातली नाही तर १७९ लिटर पाणी उरेल व क्षारता ३५ वरून ३९ च्या वर जाईल. ही चूक सहज लक्षात येते, कारण पाण्याची पातळी खाली गेलेली दिसते. दुसरी चूक मात्र दिसत नाही. पातळी राखण्यासाठी रोज ३ लिटर विहिरीचे पाणी घातले, असे समजा. मराठवाड्यातील अनेक विहिरींत नायट्रेटचे प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घालून दिलेल्या लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्याही वर आढळते. आपण पाणी नेमके मर्यादेवरच आहे असे धरू. महिन्यात ९० लिटर पाणी घातले गेले, म्हणजे ४०५० मिलिग्रॅम नायट्रेट पेटीत गेले. लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅमची वाढ झाली. पेटीत एकही मासा नसता तरी ही वाढ झालीच असती. शिवाय काळ्या पाषाणातील पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटांमुळे दुष्फेन असते, तो भार वेगळाच.

जीवाणूंचे कार्य

माशांच्या कल्ल्यांतून व उरलेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया निर्माण होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. त्यांपैकी आयनरहित रूप माशांस अत्यंत विषारी असून सामू एका अंकाने वाढला की त्याचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. गोड्या पाण्यातील हौशी माणसाच्या पेटीत सामू पुष्कळदा ७ च्या आसपास असतो. समुद्रजलात तो ८ च्या वर असणे अटळ आहे. म्हणून अमोनियाचे जे प्रमाण गोड्या पाण्यात खपून जाते तेच खाऱ्या पाण्यात प्राणघातक ठरते.

या विषाचा निरास यंत्राने होत नाही, जीवाणूंकडून होतो. श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी १८७७ साली दाखविले की, वाळूतून झिरपणाऱ्या सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होणे ही जीवक्रिया आहे; क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ती थांबते. पुढे विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास सिद्ध केले की, अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू वेगवेगळे आहेत. हे जीवाणू पाण्यात तरंगण्यापेक्षा दगड, वाळू व गाळणीचा पृष्ठभाग यांवर वस्ती करतात आणि ती वस्ती वाढण्यास समुद्रजलात साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत मासे न सोडता अमोनियाचा थोडा पुरवठा करीत राहावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे चाचणीने दिसल्यावरच पहिला मासा सोडावा, आणि पुढील मासे एकेक करून.

येथे स्थानिक वाचकास उपयुक्त अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दख्खनच्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारी झिओलाइट ही खनिजे अमोनिया शोषून घेतात, म्हणून मत्स्यपालनाच्या दुकानांत ती मिळतात. गोड्या पाण्यात त्यांचा उपयोग होतो. समुद्रजलात मात्र सोडियम इतका विपुल असतो की खनिजातील जागा तोच अडवितो; अमोनियास वाव उरत नाही.

जीवाणूंच्या कार्यानंतर नायट्रेट उरते. ते मासे बऱ्याच अंशी सहन करतात, पृष्ठवंशहीन प्राणी फारच कमी. ते घटविण्याचा सामान्य उपाय म्हणजे काही पाणी काढून तितकेच नवे समुद्रजल घालणे. या उपायाची मर्यादा समजून घेतली पाहिजे. माशांमुळे दरमहा लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट वाढते व दरमहा २० टक्के पाणी नायट्रेटरहित समुद्रजलाने बदलले जाते असे धरल्यास, कालांतराने नायट्रेट बदलापूर्वी ५० व बदलानंतर ४० येथे स्थिरावते. आता त्यात विहिरीच्या भरीचे २० मिलिग्रॅम मिळवा. तोच बदल चालू ठेवला तरी आकडे १५० व १२० होतात. घाबरून बदल दुप्पट, म्हणजे ४० टक्के केला, तरी ते ७५ व ४५ येथे थांबतात. दुप्पट लवण व दुप्पट पाणी खर्चूनही पहिल्या स्थितीपेक्षा परिणाम वाईटच. तात्पर्य, भरीचे पाणी अशुद्ध ठेवून पाणी बदलत राहणे हा खर्चिक व निष्फळ मार्ग आहे.

उष्णता व प्राणवायू

समुद्रजलात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो आणि तापमानाबरोबर आणखी घटतो. २५ अंशांस लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम असणारे त्याचे संपृक्त प्रमाण ३० अंशांस ६.२ च्या जवळ येते. माशांची व जीवाणूंची गरज मात्र उष्णतेने वाढते. म्हणून उन्हाळ्यात वीज गेल्यास प्रथम धोका असतो तो प्राणवायूचा. विजेरीवर चालणारा हवेचा पंप घरात असणे ही चैन नव्हे.

पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास पेटी थंड होते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास इतकी उष्णता लागते की, बाहेरून उष्णता आत न आल्यास २०० लिटर पाणी सुमारे ३ अंशांनी उतरेल. कोरड्या हवेत हा उपाय उत्तम लागू पडतो. पण त्याची किंमत गोड्या पाण्यात मोजावी लागते, आणि त्यामुळे आपण पुन्हा भरीच्या प्रश्नापाशी येतो.

गोडे पाणी कोठून आणावे

घरगुती आर.ओ. यंत्र, म्हणजे उलट परासरणाचे यंत्र, बहुतेक लवणे दूर करते. त्यापुढे आयनविनिमय राळेची नळी जोडल्यास विरघळलेले पदार्थ जवळजवळ शून्यावर येतात. परंतु एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती यंत्र सहसा दोनतीन लिटर पाणी वाया सोडते. ज्या जिल्ह्याने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला आणि जेथे अनेक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे शोभेच्या माशांसाठी असे पाणी गटारात सोडणे समर्थनीय नाही. ते निदान फरशी पुसण्यास व शौचालयात वापरलेच पाहिजे.

याहून चांगला मार्ग आकाशातून येतो. पावसाच्या पाण्यात विरघळलेली लवणे अत्यल्प असतात. छताच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. जालन्यात वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला व पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी १० चौरस मीटर स्वच्छ गच्चीवरून ४८०० लिटर पाणी हाती येते. आपल्या उदाहरणातील पेटीस वर्षभराची सरासरी भर रोज २ लिटर धरल्यास ७३० लिटर, व दरमहा ४० लिटरच्या बदलास ४८० लिटर, असे एकूण १२१० लिटर लागतात. म्हणजे गरजेच्या जवळजवळ चौपट पाणी वरून पडते. पहिल्या दोनतीन सरींचे पाणी सोडून द्यावे. जस्ताच्या पत्र्यावरचे घेऊ नये व तांब्याच्या नळीतून नेऊ नये, कारण हे धातू सागरी पृष्ठवंशहीन प्राण्यांस मारक आहेत. पाणी प्रकाश न शिरणाऱ्या, झाकणबंद प्लॅस्टिकच्या टाकीत साठवावे व वापरण्यापूर्वी कोळशाच्या गाळणीतून काढून टीडीएस मापकाने तपासावे. टँकरचे किंवा नळाचे पाणी वापरणे भागच पडल्यास त्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने घालवावा. मात्र त्याने लवणे व नायट्रेट कमी होत नाहीत, हे विसरू नये.

नित्याचा क्रम

रोज पातळीची खूण पाहून लवणरहित पाण्याची भर घालावी. आठवड्यातून एकदा तापमान, क्षारता, सामू, अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजून वहीत नोंदवावे. अल्कता, म्हणजे आम्लास थोपविण्याची पाण्याची शक्ती, हीदेखील पाहावी. जीवाणूंच्या अमोनियावरील क्रियेत ती सतत खर्च होते व ती घटली की सामू अचानक ढासळतो. बदलाचे पाणी पेटीच्याच तापमानाचे व क्षारतेचे असावे. गाळणी नळाच्या पाण्याखाली न धुता काढलेल्या समुद्रजलात विसळावी, अन्यथा क्लोरीनने जीवाणूंची वस्ती नष्ट होते.

या काळजीमागे केवळ हौसेचा प्रश्न नाही. सागरी शोभिवंत माशांपैकी बहुतांश अद्यापही प्रवाळखडकांतून पकडून आणले जातात. पेटीत मेलेल्या प्रत्येक माशाची जागा भरण्यास तेथून दुसरा उचलला जातो. विदूषक माशांचे बंदिस्त प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधले आहे. नवशिक्याने अशाच प्रजनित माशांपासून आरंभ करावा. समुद्रघोडे व खडक बांधणारी प्रवाळे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून ती विकतही घेऊ नयेत.

ज्यास वर्षभराच्या गोड्या पाण्याची तरतूद करता येईल त्याने पठारावरही सागरी मत्स्यालय अवश्य मांडावे. ज्यास ती करता येत नाही त्याने आगामी पावसाळ्यापर्यंत थांबावे, टाकी आधी घ्यावी आणि मासे नंतर.