विमान-प्रतिकृतींची पक्की बांधणी : सर्व्हो आणि बॅटरी

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग मानले जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर हे तालुके घाटावरचे, तर पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे तालुके घाटाखालचे. रब्बीची पिके निघाल्यावर दोन्ही भागांत मोकळी शिवारे दूरवर पसरलेली दिसतात. रेडिओ-नियंत्रित विमान-प्रतिकृती उडविण्यास अशी जागा सोयीची असते. मात्र काळ्या जमिनीतील टणक ढेकळे आणि उन्हाळ्यातील कडक ऊन या दोन गोष्टी विमानाच्या बांधणीची परीक्षा पाहतात. मोटार उत्तम असली आणि पंख रेखीव असले, तरी एक सैल स्क्रू किंवा जागेवरून सरकलेली बॅटरी विमान खाली आणण्यास पुरेशी ठरते.

हा छंद केवळ करमणुकीचा नाही. १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमान-प्रतिकृती तयार करणे व उडविणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे. विदर्भात या शाखेचे केंद्र नागपूर येथे आहे. अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३७ साली आपले रेडिओ-नियंत्रित विमान उडविले, तेव्हा रेडिओ-संचाचे व बॅटऱ्यांचे वजन हीच मोठी अडचण होती. आज अवघ्या ९ ग्रॅम वजनाचा सर्व्हो बाजारात सहज मिळतो. साधने हलकी झाली, तरी ती घट्ट बसविण्याची जबाबदारी मात्र कमी झालेली नाही.

सर्व्होचे कार्य

विमानाच्या पंखांना व शेपटीला हलत्या झडपा असतात. त्यांना एलेरॉन, एलिव्हेटर व रडर म्हणतात. या झडपा हलविणारे छोटे यंत्र म्हणजे सर्व्हो. त्यात एक लहान मोटार, दंतचक्रे आणि भुजेची स्थिती मोजणारा भाग असतो. ग्राहक-संचाकडून सेकंदाला साधारण ५० वेळा विद्युत्-स्पंद येतात. स्पंदाची लांबी १ ते २ मिलिसेकंद असते. दीड मिलिसेकंदाला भुजा मध्यावर राहते. स्पंद लांबला अथवा आखूड झाला की ती एका किंवा दुसऱ्या बाजूस वळते.

भुजा झडपेला ढकलते, त्याच वेळी सर्व्होच्या पेटीवर तेवढाच उलटा जोर येतो. पेटी सैल असेल तर झडपेऐवजी पेटीच हलते. झडपेवरील शिंगाचे छिद्र बिजागरीपासून १० मिलिमीटर अंतरावर असल्यास, केवळ १ मिलिमीटरच्या ढिलेपणामुळे झडपेच्या स्थितीत सुमारे ६ अंशांचा फरक पडतो. वेग वाढल्यावर अशी झडप फडफडू लागते आणि बिजागरीच उखडण्याचा धोका निर्माण होतो.

सर्व्हो बसविण्याची रीत

लाकडी विमानात सर्व्हो मऊ बाल्सावर थेट न बसविता प्लायवूडच्या पट्टीवर किंवा कठीण लाकडाच्या दांडीवर बसवावा. स्क्रूसाठी आधी बारीक छिद्र पाडावे, एकदा स्क्रू फिरवून काढावा, छिद्रात पातळ सायनो गोंदाचा थेंब सोडावा आणि तो पूर्ण वाळल्यानंतरच स्क्रू कायमचा बसवावा. त्यामुळे लाकडातील आटे पक्के होतात. इंधनावर चालणाऱ्या इंजिनाचा कंप मोठा असतो, म्हणून तेथे सर्व्होच्या कानांत रबरी ग्रॉमेट व पितळी नळी घालतात. नळीची रुंद कड लाकडाच्या बाजूस ठेवावी. स्क्रू इतका आवळू नये की रबर चेपून त्याचा कंप शोषण्याचा गुणच नाहीसा व्हावा.

फोमच्या विमानात सर्व्होला आधी चिकटपट्टी गुंडाळून मग गोंद लावावा. त्यामुळे पुढे तो बदलणे सोपे जाते. भुजा बसविण्यापूर्वी विद्युत् मोटारीचा पंखा काढून ठेवावा. प्रथम हातातील प्रेषक व नंतर विमान सुरू करावे. बंद करताना हा क्रम उलटा असावा. ट्रिम शून्यावर आणून भुजा दांडीशी काटकोनात बसवावी आणि तिचा मधला स्क्रू विसरू नये. दांडी भुजेच्या आतल्या व शिंगाच्या बाहेरच्या छिद्रात अडकविल्यास झडपेची हालचाल कमी, पण अधिक अचूक व जोरकस होते.

बॅटरी व गुरुत्वमध्य

विमानातील बहुधा सर्वांत जड सुटा भाग म्हणजे बॅटरी. म्हणूनच तिच्या जागेवर विमानाचा तोल अवलंबून असतो. सर्वसाधारण विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्के अंतरावर ठेवतात. समजा, विमानाचे एकूण वजन ९०० ग्रॅम, त्यातील बॅटरी १८० ग्रॅम आणि पंखाची रुंदी २०० मिलिमीटर आहे. बॅटरी ५० मिलिमीटर मागे सरकली तर गुरुत्वमध्य १० मिलिमीटर, म्हणजे रुंदीच्या ५ टक्के, मागे जातो. २९ टक्क्यांवर स्थिर असलेले विमान त्यामुळे ३४ टक्क्यांवर येते. ते नाक वर काढू लागते आणि नवशिक्या चालकाच्या आवाक्याबाहेर जाते.

हवेत हा धोका वाढतो. सूर मारून विमान वेगाने वर घेताना चौपट भार आला, तर १८० ग्रॅमची बॅटरी ७२० ग्रॅमसारखी ओढते. म्हणून केवळ खालच्या वेल्क्रोवर विसंबू नये. बॅटरीखाली वेल्क्रो आणि तिच्यावरून प्लायवूडच्या खाचांतून ओवलेला वेल्क्रोचा पट्टा, अशी दुहेरी बांधणी करावी. कोऱ्या, धुळकट लाकडावर वेल्क्रोचा गोंद टिकत नाही. तेथे आधी वॉर्निश किंवा इपॉक्सीचा पातळ थर द्यावा. ढेकळांवर उतरताना बॅटरी पुढे झेपावते, म्हणून तिच्यापुढे घट्ट फोमचा अडथळा ठेवावा. जवळपास स्क्रूचे टोक असू नये, कारण छिद्र पडलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी पेट घेऊ शकते.

बांधणी तपासण्याची सोपी रीत अशी : पंखा थांबलेला असताना केवळ बॅटरी हातात धरून विमान उचलावे. ते अलगद उचलले गेले आणि बॅटरी तसूभरही हलली नाही, तरच बांधणी योग्य समजावी.

उन्हाळ्यातील दक्षता

मे महिन्यात घाटाखाली पारा चाळीस अंशांच्या बराच वर जातो. बंद मोटारगाडीत तर उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. तेथे ठेवलेल्या विमानातील उष्ण गोंद मऊ पडतो आणि सकाळी घट्ट असलेला सर्व्हो सायंकाळी डुलू लागतो. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपेक्षा अधिक तापमानात चार्ज करू नये. उड्डाणानंतर तिला सावलीत निवू द्यावे. प्रत्येक घटक ४.२ व्होल्टपेक्षा अधिक भरू नये, ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये, आणि बरेच दिवस ठेवायची असल्यास ३.८ व्होल्टच्या सुमारास ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. चार्ज करताना जवळ कोणीतरी असावे व वाळूची बादली हाताशी ठेवावी.

गावाची सुरक्षितता

एक किलो वजनाचे विमान वेगाने खाली आल्यास माणसाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून वस्ती, रस्ता, जत्रेची गर्दी आणि विजेच्या तारांपासून दूर, शेतमालकाच्या संमतीनेच उड्डाण करावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी अशा प्रतिकृतींना शिक्षण, संशोधन व करमणुकीसाठी, दृष्टीच्या टप्प्यातच उडविण्याची चौकट घालून दिली. उड्डाणापूर्वी त्या जागेवरील निर्बंध पाहून घेणे हे चालकाचे कर्तव्य होय.

कपाशी व सोयाबीनच्या शिवारात आता फवारणीचे ड्रोन दिसू लागले आहेत. बॅटरी जागेवर जखडणे, तिचे तापमान सांभाळणे आणि उड्डाणापूर्वी प्रत्येक सांधा हाताने तपासणे ही शिस्त तेथेही तितकीच लागते. शाळेच्या कार्यशाळेत ९ ग्रॅमचा सर्व्हो नीट बसवायला शिकलेल्या विद्यार्थ्याला ती नव्याने शिकवावी लागणार नाही.