कुत्र्याची नजर एकाएकी गेली तर...

मागच्या आठवड्यापर्यंत फाटकाची कडी वाजताच धावत येणारे कुत्रे आज दाराच्या चौकटीला धडकते, पायरीवर अडखळते, पुढ्यात टाकलेली पोळी त्याला सापडत नाही. घरचे म्हणतात, "वय झालं, मोतीबिंदू असेल." पण मोतीबिंदू सहसा हळूहळू वाढतो आणि बाहुलीत पांढरेपणा दिसतो. डोळा स्वच्छ दिसतो आणि तरीही नजर गेलेली, असे असेल तर बिघाड मागे, म्हणजे पडद्यात, नसेत किंवा मेंदूत असतो.

यातला एक आजार इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सार्ड्‌स' म्हणून ओळखला जातो. डोळ्याच्या पडद्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी काही दिवसांत वा आठवड्यांत निकामी होतात. दुखत नाही. सुरुवातीला दुर्बिणीतून पडदा ठीकच दिसतो. पडद्याचा विद्युत आलेख काढल्यावर दोष कळतो. मध्यम वयाच्या, अंगाने भरलेल्या कुत्र्यांत, त्यातही माद्यांत, तो अधिक आढळतो. कारण अद्याप नक्की ठाऊक नाही आणि गेलेली नजर परत आणणारा सिद्ध उपाय नाही.

डोळा आणि ॲड्रिनल ग्रंथी

अशा रुग्णाचे मालक आणखी काही सांगतात : पाणी फार पिते, घरात लघवी करते, सतत भूक, पोट सुटले, बसल्या जागी धापा टाकते. ही लक्षणे 'कुशिंग'च्या आजाराचीही आहेत. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली माणसातील या आजाराचे सविस्तर वर्णन केले. मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसॉल जास्त पाझरते. कुत्र्यांत १० पैकी ८ वेळा तरी मूळ दोष मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतील गाठीचा असतो, उरलेल्यांत ॲड्रिनलच्याच गाठीचा.

सार्ड्‌सच्या काही कुत्र्यांत ही लक्षणे काही काळ दिसतात, पण कुशिंग नसतो. म्हणून अंदाजाने गोळ्या सुरू करू नयेत, रक्ततपासणी करावी. दुसरे म्हणजे, कुशिंगमुळे रक्तदाब वाढून डोळ्याचा पडदा सुटू शकतो. तो लवकर सापडला तर औषधाने नजर वाचण्याची आशा असते. त्यामुळे 'रविवारी सुट्टीला दाखवू' म्हणून थांबू नये.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. गोचीडतापाने डोळ्यात रक्तस्राव होऊन अंधत्व येते. आणि खाज थांबावी म्हणून दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या तर कुशिंगसारखाच आजार ओढवतो. मात्र त्या गोळ्या एकदम बंदही करू नयेत. कुत्र्याच्या ग्रंथी तोवर सुस्तावलेल्या असतात. ते अचानक कोसळू शकते.

निगडीचे एक उदाहरण

निगडीचे एक गृहस्थ आठ वर्षांची पामेरियन मादी घेऊन माझ्याकडे आले. स्वतः चाकणच्या कारखान्यात, तीन पाळ्यांची नोकरी. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दहा दिवसांत आंधळी झाली. हिचे हाल बघवत नाहीत, सुई देऊन टाका." साखर आणि रक्तदाब ठीक निघाले, कुशिंगची तपासणी मात्र दोषी. मी त्यांना दोन महिने थांबायला सांगितले. पाळी बदलली की औषधाची वेळ चुके, म्हणून गोळीचे काम वहिनींनी घेतले. रोज सकाळी आठला, खाण्याबरोबर. पाणी पिणे उतरले, धाप कमी झाली. नजर आली नाही. पण दीड महिन्यात मादीने घर पाठ केले. सायकलची घंटी वाजवली की ती अंगणात बरोबर येते. सुईचा विषय पुन्हा निघाला नाही.

घरी काय करावे?

१) पाण्याचे भांडे, ताट, अंथरूण यांची जागा बदलू नये. मोकळे पाणी ठेवावे. फार पिते म्हणून तोडू नये.

२) जिन्याला फळी लावावी, टाकीवर झाकण ठेवावे, टोकदार कोपऱ्यांना चिंध्या बांधाव्यात.

३) अंगाला हात लावण्यापूर्वी नाव घ्यावे, दचकून आंधळे कुत्रे चावू शकते. मुलांना हे शिकवावे.

४) बाहेर साखळीनेच न्यावे, शक्यतो ट्रकची वर्दळ नसेल तेव्हा. 'पायरी', 'थांब' असे ठरावीक शब्द वापरावेत.

५) कुशिंगसाठी ट्रायलोस्टेन देतात. कॅप्सूल फोडू नये. गरोदर स्त्रीने ती हाताळू नये. उलटी, जुलाब, सुस्ती किंवा अन्नावरची वासना गेली तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना गाठावे. औषध मानवले तरी ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते.

मोठ्या तपासणीसाठी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आणि परळचे १८८६ सालचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कोणत्या तपासण्या होतात ते आधी विचारून मगच गाडी करावी.

कुत्रा जगतो तो मुख्यतः नाकावर आणि कानावर. पहिले काही आठवडे ते गोंधळते, भिंतीशी उभे राहते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मालकाचा धीर सुटतो. तेवढे दिवस निभावून न्यावेत. निर्णय त्यानंतर घ्यावा.